बोळातलं पाऊल

मंगळवार, ११ फेब्रुवारी १९६४

आज सकाळी सहाला मी वर्कशॉपचं दार उघडलं, दिवा लावला, सारा आँटींच्या तोंडावरचं कापड सारखं केलं आणि हॉस्पिटलच्या माणसासाठी दार धरून उभा राहिलो. मी एवढंच केलं. दार धरलं.

माणसाचं नाव प्रेस्कॉट. सडपातळ, नम्र, हातात कातडी पिशवी. चार वर्षांपूर्वी टेकडीवरच्या हॉस्पिटलात सारा आँटींचा खुबा बदलला, तेव्हा तिथल्या सगळ्यांसारखी त्यांनीही कागदावर सही केली होती: मी मेल्यावर हा सांधा काढून न्यावा आणि आत कसा झिजला ते पाहावं. गावात आता याचं कुणाला नवल वाटत नाही.

चाळीस मिनिटं लागली. मी पाठ करून रंधा मारत राहिलो, नाहीतर आवाज ऐकावा लागला असता. मग आदल्या दिवशी मापाने घडवलेला बीचच्या लाकडाचा तुकडा मी त्याच्या हातात दिला. आत काही नसलं की पाय बाहेरच्या अंगाला लोळतो, पेटीत बरा दिसत नाही. "छान बसला," तो म्हणाला. वीस वर्षं मी मयतांसाठी पेट्या करतोय. मयताच्या आत बसेल असं काही आजवर घडवलं नव्हतं.

माझ्या बायकोने, नेलीने, त्याला स्वयंपाकघरात चहा दिला. त्याने पिशवी शेजारच्या खुर्चीवर अदबीने ठेवली. नेली किटली हातात धरून पिशवीकडे बघत म्हणाली, "त्यांच्यासाठी पण ओतू का? दोन चमचे साखर लागायची त्यांना." प्रेस्कॉट आधी हसला, मग कानापर्यंत लाल झाला.

फाटकापर्यंत सोडायला गेलो, तर तो माझ्या पायाकडे बघत होता.

"डावा ना? कधीपासून?"

"तीन वर्षं."

"यादीत नाव आहे?"

"पन्नाशी होईपर्यंत थांबा म्हणालेत. अजून दीड वर्ष."

"आजची तुमची मदत मी लक्षात ठेवीन, मिस्टर थ्रेलफॉल."

आता जे लिहायचं टाळतोय ते लिहितो. शनिवारी मी सारा आँटींच्या खिडकीची दोरी बदलायला गेलो होतो. त्या उशीला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "एमॉस पोरा, तो कागद मी सही केला ना, तेव्हा मला फार दुखत होतं. दुखत असताना माणूस काहीही देऊन टाकतं. आता मला नाही द्यायचं. माझं माझ्याजवळ राहू दे. शेवटच्या दिवशी कबरीतून सगळे उठतील तेव्हा मला लंगडत उठायचं नाही." मी म्हणालो, "बरं, आँटी."

'बरं' म्हणालो होतो.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

सारा आँटींना पुरलं. पेटीचा डावा पुढचा कोपरा माझ्या खांद्यावर होता. चर्चयार्डच्या उतारावर बर्फ गोठलेलं, माझा पाय सरकला. पेटी पडली नाही, पण जांघेत काहीतरी करकचलं आणि डोळ्यांपुढे पांढरं झालं. त्यांची मुलगी हिल्डा मागे होती. ती म्हणाली, "सांभाळ रे, आईला घाई नाहीये."

मंगळवार, १८ फेब्रुवारी

आज सकाळी काहीतरी ऐकलं.

घर आणि वर्कशॉप यांच्यामध्ये आमचा बोळ आहे, वीस पावलांचा, दोन्हीकडे उंच भिंती, खाली दगडी फरशी. सातच्या सुमारास मी किल्ली घेऊन निघालो. मधे आलो तर मागून पाऊल. लाकडी तळाच्या बुटाचं. ठक्, मग फरशीवरून घसट, मग ठक्.

हे पाऊल मी ओळखतो. ऑपरेशनच्या आधी दहा वर्षं सारा आँटी याच बोळाच्या तोंडावरून गिरणीत जायच्या. आम्ही घड्याळ लावायचो त्यावर.

मी थांबलो. ते थांबलं. वळून पाहिलं, कुणी नव्हतं. स्तोत्रातल्या दोन ओळी म्हटल्या आणि पुढे गेलो. तेही आलं, दारापर्यंत. आत नाही आलं.

रविवार, २३ फेब्रुवारी

चॅपेलमध्ये गीतांची पुस्तकं वाटायचं काम माझं. आज मधल्या वाटेने निघालो तर लाकडी फळ्यांवर ते पाऊल माझ्यामागे. ठक्, घसट. एकेका बाकाजवळून गेलो तशा लोकांनी माना खाली घातल्या. थॉर्नली म्हातारीने तर डोळे पुसले. म्हणजे ऐकू सगळ्यांना येतंय, बोलत कुणी नाही. आपली माणसं अशीच आहेत. एखाद्याची लाज दिसली की पुस्तकात तोंड घालतात.

दार मी धरलं, हे त्यांना माहीत आहे का? आँटी मला काय म्हणाल्या ते तर मी कुणालाच सांगितलेलं नाही.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

नेलीला विचारलं. सरळ नाही, आडून.

"सकाळी बोळात पाय ओढल्यासारखा आवाज येतो. तुला येतो का गं?"

ती पावाचं पीठ तिंबत होती. तिचे हात थांबले. "रोज येतो. तो आला की मी किटली चढवते."

"कधीपासून?"

"थंडीपासूनच. पण साराचं दफन झालं तेव्हापासून फारच."

"मग बोलली नाहीस ते?"

"काय बोलायचं, एमॉस? तुला वाईट वाटलं असतं. ऐकवत नाही मला तो. पण तुझा स्वभाव मला माहीत आहे, कुणी विषय काढला की दोन दिवस तोंड शिवून बसतोस." मग पिठाच्या हाताने तिने माझा गाल धरला. "डॉक्टरांकडे जा ना पुन्हा."

डॉक्टर यात काय करणार, हे तिला विचारलं नाही. बिचारी घाबरली आहे. पण निदान मी एकटा नाही.

मंगळवार, ३ मार्च

हॉस्पिटलचं पत्र. अकरा तारखेला या, सर्जन तपासतील. पन्नाशीला दीड वर्ष असताना.

नेली स्वयंपाकघरात गिरकी घेऊन नाचली. मी पत्र बायबलात ठेवलं, मग काढून खिशात ठेवलं. बायबलात ठेवण्यासारखं ते नव्हतं.

बुधवार, ११ मार्च

हॉस्पिटल. पूर्वी तिथे क्षयाचे रोगी असत. लांब लांब इमारती, वारा खेळावा म्हणून उघडे व्हरांडे. व्हरांड्यात ओळीने माणसं पडलेली, दोन पायांमध्ये त्रिकोणी उशी बांधलेली, सगळ्यांचे पाय फाकलेले, सगळे छताकडे बघणारे. एकाने फक्त माझ्याकडे बघून भुवई उडवली.

सर्जनने एक्स-रेचा फोटो दिव्यासमोर धरला. "हा उजवा. गोळा आणि वाटी यांच्यामध्ये ही काळी फट दिसते? खरं तर ती फट नाही, हाडांवरचं गुळगुळीत अस्तर आहे. फोटोत दिसत नाही, म्हणून मोकळी जागा वाटते. आता डावा बघा."

डाव्यात फट नव्हती. पांढऱ्यावर पांढरं. कडेला हाडाच्या गाठी आलेल्या, ओल्या लाकडावर बुरशी यावी तशा.

"अस्तर एकदा गेलं की परत येत नाही," तो म्हणाला. "हाड हाडावर घासतं. औषधाने दुखणं दबतं, सांधा सुधारत नाही."

"तुम्ही काय करता?"

"जुना गोळा कापून टाकतो. मांडीच्या हाडात स्टीलचा दांडा बसवतो, त्याच्या टोकाला ही गोळी. कमरेच्या हाडात प्लास्टिकची वाटी."

गोळी हातात घेतली. अक्रोडापेक्षा लहान. विचारलं, इतकी लहान का?

"लहान गोळी फिरताना कमी अडते. सुतार आहात, तुम्हीच सांगा."

"आणि चिकटवता कशाने?"

"चिकटवत नाही. दातांचे डॉक्टर वापरतात तसलं सिमेंट भरतो. ते पोकळी भरून काढतं, म्हणून दांडा हलत नाही."

हे मला पटलं. मी त्याला धोकेही विचारले. त्याने काही लपवलं नाही: जखम आतून पिकू शकते, रक्ताची गुठळी फुप्फुसात जाऊ शकते, सांधा निखळू शकतो. "आणि तो झिजणार. तुमच्या वयाला म्हणूनच आम्ही कचरतो. पण तुम्हाला आता जिना चढवत नाही, मोजाही घालता येत नाही. आणखी दीड वर्ष थांबवणं बरोबर नाही."

जाताना उघड्या दारातून एक खोली दिसली. खोलीच्या आत काचेची दुसरी खोली, आणि त्यात डोक्यापासून झाकलेली माणसं, प्रत्येकाच्या पाठीला नळी. त्यांचा श्वास खोलीत पडू नये म्हणून. टेबलावर कुणीतरी होतं. नळीवाले वाकले तेव्हा काही आवाज आला नाही.

मग प्रेस्कॉट कागद घेऊन आला. "हा तुम्हाला माहीतच आहे," म्हणाला. पेन घेतलं. माझ्यामागे, व्हरांड्याच्या फरशीवर ते पाऊल मला आत शिरताना ऐकू आलं होतं. आता माझ्याबरोबर थांबून ते वाट बघत होतं.

मी पेन खाली ठेवलं. घरी जाऊन कळवतो म्हणालो.

गुरुवार, १२ मार्च

दैनंदिनीत खोटं लिहिण्यात अर्थ नाही. त्या सकाळी मी प्रेस्कॉटला सांगू शकलो असतो: बाईचं मन बदललं आहे, निघून जा. तो गेला असता, तसा माणूस तो आहे. मी गप्प राहिलो, कारण मला हॉस्पिटलच्या नजरेत चांगलं राहायचं होतं. माझा पाय दुखत होता आणि माझं नाव यादीत खाली होतं. त्यानंतर तीन आठवड्यांत पत्र आलं.

मग हा खुबा मला कशातून मिळतोय? हे फेडल्याशिवाय मी त्या टेबलावर कसा चढू? आणि नाही चढलो तर वर्षभरात करवत धरता येणार नाही. उभं राहूनच करायचं काम आहे माझं.

रविवार, २९ मार्च. ईस्टर.

पास्टर म्हणाले, कर्णा वाजेल आणि मेलेले अविनाशी होऊन उठतील. सगळे उभे राहून गायले. मी बाक धरून उभा राहिलो आणि मला एवढंच दिसत होतं की चर्चयार्डच्या उतारावर सगळे उठलेत, आणि त्यांच्यात एक बाई आहे, डाव्या पायात माझ्या हातचा लाकडाचा तुकडा.

सोमवार, ६ एप्रिल

दोन दिवस समुद्रावर, नेलीच्या बहिणीकडे. वाळूत भरपूर चाललो, वेदना होत्याच, पण पाऊल एकदाही आलं नाही. समुद्रापर्यंत सारा आँटी येत नसाव्यात. आज बोळात शिरलो आणि आधीपेक्षा मोठ्याने आलं. वाट बघत होत्या.

नेली म्हणते, "लाकडी बूट सोड, रबरी तळाचे घे, सगळ्यांनाच बरं पडेल." मी म्हणालो, बूट बदलून कुणाला फसवायचं? ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली.

मंगळवार, १४ एप्रिल

आज हिल्डाकडे गेलो. ठरवून गेलो नव्हतो, पाय गेले. पाऊल तिच्या पायरीपर्यंत आलं.

दार उघडायच्या आतच आतून तिचा आवाज. "क्षणभर वाटलं, आईच आली." दारात येऊन तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "ये, बस. रंग बघ चेहऱ्याचा. तुझ्या पेट्यांतले बरे दिसतात."

म्हणजे तिलाही ऐकू येतं. मग लपवायचं काय राहिलं? खुर्चीत बसायच्या आधी सगळं सांगून टाकलं. शनिवार, खिडकीची दोरी, 'बरं, आँटी', यादी, दार. मान वर केली नाही.

हिल्डाने चहाच्या कपावरून बोट फिरवलं.

"तुला एकट्यालाच सांगितलं असं वाटतं का तुला? मला रोज सांगत होती."

"मग तू का नाही…"

"कारण मला कळायला हवं होतं!" कप बशीवर आपटला. "तीन वर्षं नाचली ती, एमॉस. चॅपेलच्या सहलीत टेकडी चढली. आणि शेवटचं वर्ष उशीत तोंड घालून ओरडायची. का? देवाने का केलं, हे नाही विचारत मी. सांध्यात काय झालं ते विचारते. तिच्या आत होतं उत्तर. ते जमिनीत घालू?" मग हळू आवाजात, "सही तिची होती. नकारही तिचाच होता. मी सहीच्या बाजूने गेले. तू दार धरलंस, मी तुला धरू दिलं."

शेवटी मीच विचारलं.

"तो सांधा परत आणू का मागून? पुरू त्यांच्याजवळ."

"आधी बघून ये काय निघालं," हिल्डा म्हणाली. "मग सांग. आणि बुटांना नाल ठोकून घे रे, किती घासतोस."

मंगळवार, २१ एप्रिल

प्रेस्कॉटच्या खोलीत चारी भिंतींना कपाटं. प्रत्येक खणात काचेची बरणी, प्रत्येकीवर नाव नाही, आकडा. शंभराच्या वर असतील. खिडकीतून उजेड पडला की सगळ्या एकदम पाणीदार होत होत्या. मला वाटलं, इतकी माणसं या गावांतून चालली आणि आता इथे नुसती त्यांची चाल उभी आहे.

त्याने सारा आँटींची बरणी खाली काढली. वाटी करवतीने मधोमध कापलेली. मी करवतीची रेघ ओळखतो. काम स्वच्छ होतं. लहान गोळीने प्लास्टिकमध्ये वर वर बोगदा खणला होता, जवळजवळ आरपार. भोवतालचं हाड पोखरलेलं.

"हे जुनं प्लास्टिक," प्रेस्कॉट म्हणाला. "झिजून त्याचा भुगा होतो, भुगा हाड खातो. शेवटी शेवटी फार दुखलं असेल त्यांना. हे आम्ही आता वापरत नाही. नवं कितीतरी कमी झिजतं. पण जुनं असं झिजतं हे यांच्याकडूनच कळलं," म्हणून त्याने कपाटांकडे हात केला.

मी सगळं त्यालाही सांगितलं. तो खुर्चीत बसला. रंग उडाला त्याचा.

"मला माहीत नव्हतं. देवाशपथ. माहीत असतं तर मी पिशवी उघडली नसती."

"आणि माझं पत्र?"

"पत्र? ते सर्जननी फोटो पुन्हा पाहून काढायला लावलं. मी तुमचं नाव कुणाकडे घेतलंच नाही. विसरलो होतो." तो ओशाळला.

विसरला होता! दोन महिने जे पाप मी उराशी धरून हिंडलो त्याची कुणाला गरजच नव्हती. आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मी विकलं होतं, घेणारा नव्हता, एवढाच फरक.

मग कागद पुढे आला. मी म्हणालो, "आज दुखतंय. दुखत असताना मी सही करणार नाही. ऑपरेशन करा. दुखायचं थांबलं की विचारा, तेव्हा हो किंवा नाही सांगेन. चालत नसेल तर घरी जातो."

प्रेस्कॉट सर्जनकडे गेला. दहा मिनिटांनी परत आला. "सर्जन म्हणाले, यात चूक काही नाही. सहीशिवायही ऑपरेशन होतंच."

हिल्डाला बोगद्याचं सांगितलं. तिने दोन्ही हात तोंडावर धरले. मग म्हणाली, "राहू दे तिथेच. कापलेलं आता कुठे जोडणार?"

रविवार, १० मे

बुधवारी झालं. झोपेतून उठलो तर माझेही पाय त्रिकोणी उशीला बांधलेले. जखम दुखते, ती वेगळी. हाडाच्या आतली, दाढ दुखल्यासारखी ती कळ नाही. वाट बघतोय तिची. येत नाही.

शनिवार, १६ मे

दहा दिवस पाठीवर. पाऊल एकदाही आलं नाही. दुपारी नर्सांचे, पाहुण्यांचे पाय वाजतात, ते नाही. नेलीला सांगितलं, "बोळातला आवाज थांबला असेल ना गं?" ती म्हणाली, "थांबणारच ना, वेड्या." आणि रडायला लागली. तिलाही केवढं ओझं होतं.

सोमवार, १ जून

गुरुवारपासून कुबड्यांवर होतो. आज नर्सने एक काढून घेतली आणि व्हरांड्याच्या टोकापर्यंत चालवलं. नेलीने माझे लाकडी बूट आणून ठेवले होते, नाल ठोकून.

अर्ध्या वाटेत ते मागून आलं. मी कुबडी घट्ट धरली. ठक्. ठक्. ठक्. मधली घसट नव्हती. सारखं, एका लयीत, घाई नसलेल्या माणसाचं. मी थांबलो नाही, वळलोही नाही. किती छान चालत होत्या आज. मी मनात म्हणालो, आँटी, असंच उठा त्या दिवशी.

बुधवार, ३ जून

प्रेस्कॉट स्वतःहून आला नाही. मीच निरोप पाठवून बोलावलं. म्हणालो, कागद आणा.

व्हरांड्यात ऊन होतं. जिना चढून उतरून आलो होतो, मोजा स्वतः घातला होता, कुठेही काही दुखत नव्हतं. भूक लागली होती फक्त. कागद दोनदा वाचला. तळाशी रिकामी जागा होती, तिथे माझ्या हाताने एक ओळ घातली: दार उघडण्यापूर्वी घरातल्या माणसाला विचारावं, की शेवटच्या आठवड्यात मी काही वेगळं बोललो होतो का, आणि बोललो असेन तर परत जावं.

प्रेस्कॉटने ती ओळ वाचली. म्हणाला, "ही सगळ्यांच्याच कागदावर हवी होती." मग त्याने वहीचा पुठ्ठा खाली धरला, आणि मी सही केली.